गेम खेळायचा आणि रेकॉर्डही करायचा: तीस हजारांत कोणतं ग्राफिक्स कार्ड घेऊ?

*नमस्कार ताई,*

*मी सांगलीत इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. माझ्या पीसीत रायझन ५ ५६००जी, बी४५० मदरबोर्ड, ८ जीबीची एकच रॅम, ५०० जीबी एसएसडी आणि कॅबिनेटबरोबर आलेला, वीज पुरवणारा ४५० वॉटचा एसएमपीएस आहे. ग्राफिक्स कार्ड नाही. मॉनिटर १०८०पी, ७५ हर्ट्झ. सध्या व्हॅलोरंट आणि जीटीए ५ खेळतो, पुढे रेड डेड रिडेम्प्शन २ आणि सायबरपंक खेळायचे आहेत. यूट्यूबवर मराठी कॉमेंट्रीसकट गेमप्ले टाकायची खूप इच्छा आहे, पण रेकॉर्डिंग लावलं की गेम अडकतो. सुट्टीत केलेल्या कामाचे आणि बाबांनी दिलेले मिळून ३०,००० जमलेत. दुकानदार म्हणतो आरएक्स ६५०० एक्सटी घे आणि उरलेल्यात कॅप्चर कार्ड घे. मित्र म्हणतो मायनिंगचं जुनं मोठं कार्ड स्वस्तात मिळतंय, ते उचल. पैसे परत परत जमणार नाहीत. काय करू?*

*— एक वाचक, सांगली*

प्रिय मित्रा,

आधी दुकानदाराला फोन कर आणि त्यानं आरएक्स ६५०० एक्सटी तुझ्यासाठी बाजूला काढून ठेवलं असेल तर नको म्हणून सांग. बाकीचं सावकाश बोलू, हे मात्र आजच कर. २०२२ च्या जानेवारीत आलेल्या या कार्डात व्हिडिओ एनकोडरच नाही. गेम चालू असताना पडद्यावरचं चित्र दाबून त्याची फाईल बनवणारा जो भाग असतो, तो यात दिलेलाच नाही. ही चिप मुळात लॅपटॉपसाठी आखलेली होती. तिथे ते काम प्रोसेसरमधलं ग्राफिक्स करतं, म्हणून तो भाग गाळला गेला. वर मेमरी फक्त ४ जीबी आणि मदरबोर्डशी जोडायला चारच पीसीआयई लेन, म्हणजे माहिती ये-जा करायच्या वाटा. तुझा ५६००जी पीसीआयई ३.० या जुन्या आवृत्तीचा, म्हणजे त्या चार लेनही निम्म्या वेगानं चालणार. नुसते गेम खेळणाऱ्यालाही मी हे कार्ड सुचवणार नाही, आणि तुला तर रेकॉर्डिंग करायचंय. त्याच चिपवरचं आरएक्स ६४०० सुद्धा नको.

कॅप्चर कार्डही नको. प्लेस्टेशन, एक्सबॉक्स किंवा दुसऱ्या कॉम्प्युटरवरचं चित्र आपल्या मशीनमध्ये घ्यायचं असेल तरच ते लागतं. ज्या पीसीवर खेळतोस त्याच पीसीवर रेकॉर्ड करायला ओबीएस स्टुडिओ हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर पुरेसं आहे, आणि ते फुकट आहे.

आता तुझा गेम का अडकतो ते बघू. ओबीएसच्या सेटिंग्जमध्ये आउटपुट उघड. एनकोडरच्या समोर एक्स२६४ दिसत असेल, तर रेकॉर्डिंगचं सगळं काम प्रोसेसर करतोय, आणि त्याच वेळी गेमही त्याच प्रोसेसरच्या मानेवर बसलाय. शिवाय ५६००जीमधल्या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, ते तुझ्या ८ जीबी रॅममधूनच वाटा काढून घेतं. उरलेल्या रॅममध्ये विंडोज, गेम, ओबीएस आणि डिस्कॉर्ड. एकच काडी असल्यामुळे रॅमचा वेगही अर्धा. अशा स्थितीत गेम अडकला नसता तरच नवल. त्यात तुझ्या पीसीला किंवा तुला दोष देण्यासारखं काही नाही.

वेगळं कार्ड लावलं की हे चित्र बदलतं, कारण कार्डावरचा एनकोडर गेम चालवणाऱ्या भागापासून स्वतंत्र असतो. लग्नात पंगतीला वाढणारे वेगळे आणि व्हिडिओ शूटिंगवाला वेगळा, तसं. शूटिंग चालू आहे म्हणून पंगत खोळंबत नाही. एनव्हीडियानं हा भाग २०१२ पासून कार्डांवर द्यायला सुरुवात केली, त्याला एनव्हेंक म्हणतात. २०१८ च्या ट्युरिंग पिढीत त्याची प्रत इतकी सुधारली, की प्रोसेसरवर रेकॉर्डिंग करण्याचं घरगुती यूट्यूबरला फारसं कारणच उरलं नाही.

या पत्रातून तुला एकच गोष्ट लक्षात राहिली तरी चालेल, ती ही: एका पिढीतल्या स्वस्त आणि महाग कार्डांत एनकोडर बहुतेक वेळा तोच असतो. आरटीएक्स ५०५०, ५०६० आणि ५०६० टीआय या तिघांतही एकेक नवव्या पिढीचा एनव्हेंक आहे. ५०६० टीआय घेतलंस म्हणून तुझा व्हिडिओ जास्त स्वच्छ दिसणार नाही. जास्त पैसे मोजून मिळतात ते गेममधले जास्तीचे फ्रेम्स. त्यामुळे “रेकॉर्डिंग करायचंय म्हणून मोठं कार्ड” हा हिशोबच तू डोक्यातून काढून टाक. कार्ड गेम आणि मॉनिटर बघून ठरव, एनकोडर फक्त नवा आहे ना एवढं तपास.

तुझा मॉनिटर ७५ हर्ट्झचा आहे. प्रोसेसर चांगला आहे, पण ५६००जीमध्ये एल३ कॅश, म्हणजे प्रोसेसरची स्वतःची झटपट मेमरी, १६ एमबी आहे, साध्या ५६०० मध्ये ती ३२ एमबी असते. व्हॅलोरंटसारखा गेम कार्डापेक्षा प्रोसेसरवर जास्त अवलंबून असतो, तिथे फार मोठं कार्ड लावून हाती फार काही लागणार नाही. म्हणून माझं उत्तर: आरटीएक्स ५०५०, ८ जीबी. पाठोपाठ नवा एसएमपीएस आणि रॅमची दुसरी काडी. तीस हजारांतलं सगळं कार्डावर घालवून ५०६० आणू नकोस. ५०६० नक्कीच जास्त ताकदीचं आहे, पण ते एका ८ जीबीच्या काडीवर आणि कॅबिनेटबरोबर आलेल्या एसएमपीएसवर चालवणं मला पटत नाही. कार्डांचे भाव आठवड्याला हलतात. कुठे सेलमध्ये ५०६० इतकं उतरलं की रॅम आणि एसएमपीएस धरूनही बजेटात बसतंय, तर खुशाल घे.

५०५० मिळालंच नाही, तर आरएक्स ७६०० बघ. त्यातही ८ जीबी मेमरी आहे आणि एव्ही१ या नव्या व्हिडिओ फॉरमॅटमध्ये रेकॉर्डिंगची सोय आहे, पण ते १६५ वॉट घेतं, ५०५० ला १३० पुरतात. एएमडीच्या एनकोडरविषयी जी तक्रार ऐकू येते ती मुख्यतः लाइव्ह स्ट्रीमिंगची आहे. स्ट्रीमिंगला बिटरेट, म्हणजे सेकंदाला जाणारी माहिती, ६ एमबीपीएसच्या आसपास बांधलेला असतो, तिथे कोणाचा एनकोडर किती कसलेला ते उघडं पडतं. तू फाईल रेकॉर्ड करणार, बिटरेट हवा तेवढा ठेवू शकतोस, त्यामुळे तो फरक तुझ्या प्रेक्षकाला जवळपास दिसणारच नाही.

इंटेलचं आर्क बी५८० तुला कोणी ना कोणी सुचवेलच. १२ जीबी मेमरी, रेकॉर्डिंगसाठी उत्तम एनकोडर, किंमतही वाजवी. कार्ड मला आवडतं, पण तुझ्या मशीनला ते नको. आर्कचा ड्रायव्हर प्रोसेसरवर जास्त भार टाकतो, आणि मधल्या फळीतल्या किंवा जुन्या प्रोसेसरबरोबर त्याचा वेग घटतो हे २०२५ च्या सुरुवातीला झालेल्या चाचण्यांत दिसलं. शिवाय बायोसमध्ये रिसायझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय) चालू नसेल तर ते फारच मंदावतं. नव्या प्रोसेसरवाल्यानं मात्र जरूर विचार करावा.

८ जीबी मेमरीबद्दल एक खबरदारी. ५०५० आठ लेनचं कार्ड आहे, आणि तुझ्याकडे पीसीआयई ३.०. कार्डाची मेमरी भरेपर्यंत याचा त्रास जाणवत नाही. ती भरून सांडायला लागली, की गेम रॅममधून माल ओढायला लागतो, आणि तिथे अरुंद वाटेमुळे झटके बसतात. ओबीएसही कार्डाच्या मेमरीतला थोडा भाग घेतं. म्हणून सायबरपंकमध्ये टेक्श्चर एक पायरी खाली ठेव आणि रे ट्रेसिंग (प्रकाश-सावलीचे जड परिणाम) बंद ठेव. १०८०पी वर हा फरक शोधूनच सापडतो. ज्या वाचकांचं बजेट मोठं आहे आणि मशीन असंच पीसीआयई ३.० चं आहे, त्यांनी आरएक्स ९०६० एक्सटी १६ जीबी बघावं. त्याला पुऱ्या सोळा लेन आहेत आणि मेमरीही दुप्पट.

आता एसएमपीएस. इथे मला जरा थांबायचंय, कारण कार्डावर हजारो रुपये घालवणारी मुलं इथेच हात आखडता घेतात. कॅबिनेटचं बाजूचं झाकण उघड आणि एसएमपीएसवरचं लेबल वाच. “४५० वॉट” या मोठ्या अक्षरांकडे बघू नकोस. खालच्या तक्त्यात +१२ व्होल्टचा रकाना शोध आणि त्याखाली किती अँपिअर लिहिलेत ते बघ. त्या आकड्याला बारानं गुण. समज तिथे १८ अँपिअर असतील, तर १२ व्होल्टवर मिळणार २१६ वॉट. कार्ड आणि प्रोसेसर दोघंही याच लाईनवर जगतात. कार्डाला १३०, प्रोसेसरला भरात असताना ८८ पर्यंत, म्हणजे बेरीज तिथेच संपली, पंखे आणि डिस्क अजून बाजूलाच. कार्ड तर क्षणभर यापेक्षाही जास्त खेचतं. असा एसएमपीएस गेम चालू असताना पीसी बंद पाडतो, आणि नशीब वाईट असेल तर जाताना कार्डही घेऊन जातो. एनव्हीडिया ५०५० साठी ५५० वॉट सुचवते. नावाजलेल्या कंपनीचा, वीज कमी वाया जाते हे सांगणारा ८० प्लस ब्राँझ शिक्का असलेला ५५० वॉटचा घे. त्यात पीसीआयईची ८ पिनची वायर आहे ना, हे दुकानातच डोळ्यांनी बघ. जुन्या डिस्कसाठीच्या मोलेक्स वायरीवरून जोडायचे कन्व्हर्टर वापरू नकोस.

रॅमची काडी घेताना आहे त्याच वेगाची घे. मदरबोर्डला चार स्लॉट असतील तर दोन काड्या एकाआड एक बसव. ८ ची १६ झाली आणि ड्युअल चॅनेल झाली, की नव्या कार्डाचा खरा उपयोग तुला दिसेल. सध्या रॅमचे भाव चढे आहेत, तेव्हा चांगल्या अवस्थेतली जुनी डीडीआर४ काडी मिळाली तर बिनधास्त घे. रॅम जुनी घेण्यात धोका कमी असतो.

जुन्या कार्डाबद्दल मात्र मी सावध आहे. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियम या क्रिप्टो चलनाचं मायनिंग, म्हणजे कार्डांवर हिशोब करून चलन कमावणं, बंद झालं आणि बाजारात वापरलेल्या कार्डांचा पूर आला. मायनिंगनं चिप मरतेच असं नाही. झिजतात ते पंखे, वाळतात ते उष्णता वाहून नेणारे थर्मल पॅड, आणि तापते ती मेमरी. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्याच्या तापकीर गल्लीत जुनं कार्ड बघायला गेलास, तर तिथेच मशीनला लावून घे आणि पेन ड्राइव्हवरून जीपीयू-झेड हे कार्डाची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर चालव. आरएक्स ५८० म्हणून जे विकलं जातं, त्यात शेडर, म्हणजे कार्डातले हिशोब करणारे छोटे भाग, २३०४ दिसायला हवेत. २०४८ दिसले तर ती चीनच्या बाजारासाठी काढलेली कमी ताकदीची आवृत्ती आहे. बायोस बदलून मोठ्या नावाखाली खपवलेली काही बनावट कार्डंही हे सॉफ्टवेअर ओळखतं. आणि फक्त गेमचा बेंचमार्क लावून समाधान मानू नकोस, वीसेक मिनिटं रेकॉर्डिंगही करून बघ. तुझा मित्र सांगतोय ते जीटीएक्स १०६० किंवा १०८० असेल, तर मुळीच नको. त्या पिढीला नव्या गेमसाठीचे ड्रायव्हर देणं एनव्हीडियानं ऑक्टोबर २०२५ मध्ये थांबवलं. जुन्यातलंच घ्यायचं झालं तर जीटीएक्स १६६० सुपर हे नाव लक्षात ठेव: ६ जीबी मेमरी आणि ट्युरिंगचा चांगला एनकोडर. जीटीएक्स १६५० आणि १६५० सुपर यांत गफलत करू नकोस. २०१९ ला आलेल्या साध्या १६५० मध्ये आधीच्या पिढीचा एनकोडर आहे, सुपरमध्ये नवा.

असाच नावाचा घोळ आरटीएक्स ३०५० मध्ये आहे. दुकानदार नुसतं “३०५०” म्हणाला तर ६ जीबी की ८ जीबी ते विचार, ती दोन वेगळी कार्डं आहेत. ६ जीबीचं कमी ताकदीचं, पण ७० वॉटवर चालतं आणि त्याला वेगळी वायर लागत नाही. ज्याला एसएमपीएस बदलणं शक्यच नाही त्याच्यासाठी ते ठीक. तुझ्यासाठी नाही.

कार्ड लागल्यावर ओबीएसमध्ये काय करायचं तेही सांगते. एनकोडर एनव्हेंक निवड, फॉरमॅट एचईव्हीसी किंवा एव्ही१. तुझं एडिटिंगचं सॉफ्टवेअर त्या फाईलला अडखळत असेल तर जुना एच.२६४ फॉरमॅट ठेव. रेट कंट्रोल सीक्यूपी (ठरलेली प्रत राखणारा), आकडा २० च्या आसपास. आकडा कमी केलास की प्रत वाढते आणि फाईलही फुगते. १०८०पी, ६० फ्रेम्स.

फाईलचा प्रकार एमकेव्ही ठेव, साधा एमपी४ नको. साध्या एमपी४ ची अनुक्रमणिका रेकॉर्डिंग थांबवल्यावरच लिहिली जाते. तासभर मनापासून कॉमेंट्री केलीस आणि मध्येच लाईट गेली, तर ती फाईल उघडतच नाही. एमकेव्ही जिथे तुटली तिथपर्यंत शाबूत राहते. नंतर ओबीएसच्याच फाईल मेनूत रीमक्स रेकॉर्डिंग्ज आहे, तिथून काही मिनिटांत, प्रत न घटता, तिचा एमपी४ होतो.

पहिल्या दिवशी ओबीएसच्या मेनूतून स्टॅट्सची खिडकी उघडी ठेवून दहा मिनिटं खेळ. तिथे दोन ओळी बघायच्या. रेंडरिंग लॅगमुळे फ्रेम सुटत असतील, तर गेमनं कार्ड पुरतं अडवून ठेवलंय आणि ओबीएसला चित्र जुळवायलासुद्धा जागा उरलेली नाही. एनकोडर वेगळा असला तरी चित्र उचलून जुळवण्याचं काम कार्डाच्या मुख्य भागाकडेच असतं. उपाय सोपा आहे: गेमला ७५ फ्रेम्सचा लगाम घाल आणि ओबीएस ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघड. विंडोज मग त्याला आधी जागा देतं. दुसरी ओळ एनकोडिंग लॅगची. तिथे आकडा वाढत असेल तर एनकोडरचा प्रीसेट एक पायरी हलका कर. या दोन ओळी वेगळ्या वाचता न आल्यामुळे चांगलं कार्ड बदलणारी मुलं आहेत, म्हणून एवढं सविस्तर सांगितलं.

जागेचा हिशोब: ४० एमबीपीएसनं रेकॉर्ड केलंस तर तासाला १८ जीबी. रेड डेडला एकट्याला १५० जीबी लागतात, जीटीए ५ शंभरच्या पुढे. तुझी एसएसडी लगेच भरेल. पण घाईनं नवी एसएसडी घेऊ नकोस. ४० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला फक्त ५ एमबी, ते कोणतीही धडधाकट जुनी हार्ड डिस्क सहज लिहिते. घरात किंवा नात्यात कोणाच्या बंद पीसीत १ टीबीची डिस्क पडून असेल तर ती लाव आणि रेकॉर्डिंगचा रस्ता तिकडे वळव.

आणि माईक. तुझ्या चॅनेलचा जीव मराठी कॉमेंट्रीत आहे. चित्र थोडं मऊ असलं तर लोक चालवून घेतात, आवाज घरघरता असला तर पुढच्या व्हिडिओवर जातात. आरटीएक्स कार्डावर एनव्हीडिया ब्रॉडकास्ट फुकट चालतं, आणि छताच्या पंख्याचा आवाज ते बऱ्यापैकी पुसतं. पण ते कार्डाच्या ताकदीतूनच वाटा घेतं, त्यामुळे जड गेमच्या वेळी ओबीएसमधलाच नॉइज सप्रेशनचा फिल्टर वापर. माईक, गेम आणि डिस्कॉर्ड तीन वेगळ्या ट्रॅकवर रेकॉर्ड कर. मित्राचा आरडाओरडा तुझ्या सर्वांत चांगल्या वाक्यावर आला, तर एडिटिंगमध्ये फक्त तेवढाच काढता येईल.

खरेदीला जाण्याआधी कॅबिनेटमध्ये कार्डासाठी किती लांबी आहे ती टेप लावून मोज आणि लिहून ने. खोक्यावरचा सीरियल नंबर, कार्डावरचा नंबर आणि बिलावरचा नंबर एकच आहे ना ते दुकानातच ताडून बघ. वॉरंटी त्या नंबरावर चालते, म्हणून जीएसटीचं पक्कं बिल घेतल्याशिवाय पैसे देऊ नकोस. कोणी परदेशातून कार्ड आणून देतो म्हणालं, तर त्या कंपनीची वॉरंटी भारतात चालते का हे आधी कंपनीकडूनच लेखी विचारून घे. आणि हे पत्र मिळाल्यावर पहिल्यांदा रॅमची काडी लाव. कार्ड येईपर्यंत जीटीए थोडा तरी मोकळा चालेल, आणि तोवर ओबीएसमध्ये आवाजाचे ट्रॅक लावायची सवय करून घे.

तुझी,
ताई